हिवरमाळच्या डोक्यावरून जाणारी केबल

या ब्लॉगच्या आठ-दहा नियमित वाचकांनी मला आजवर किल्ले, घाट आणि कोकणातल्या खानावळी यांवर लिहिताना निमूटपणे सहन केलं आहे. या खेपेला मी पुण्यातून निघालो आणि पुण्यातच पोचलो. मध्ये चार दिवस गेले, बऱ्याच बस बदलाव्या लागल्या आणि माझ्या हातून एक गुन्हा घडला. गुन्ह्याचं पुढे येईलच, आधी रस्ता सांगतो.

ठिकाणाचं नाव हिवरमाळ. नकाशात शोधू नका, नाव मी बदललं आहे. वारजं सोडून खडकवासल्याच्या बाजूला गेलं, की मुख्य रस्त्यावरून एक फाटा आत जातो, तिथे बत्तीस घरांची ही वाडी आहे. काही वर्षांपूर्वी ती पुणे शहरात आली. म्हणजे वाडी होती तिथेच आहे, शहर तिच्यापर्यंत गेलं. आता तिथे मिळकतकराचं बिल येतं आणि ते ऑनलाइन भरता येतं. ऑनलाइन भरायला वाडीतली माणसं बसने वारज्याला येतात.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं खांबावर चढून नाहीतर खड्ड्यात उतरून तांब्याच्या तारा जोडल्या. आता कोथरूडच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात तीन वायफाय आहेत. एक माझं, एक माझ्या वायफायवर विश्वास नाही म्हणून सौ.ने घेतलेलं, आणि एक टीव्हीबरोबर फुकट आलेलं, ज्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. सौ. सध्या लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत आहे. तिथून ती दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करून आमचा गॅस बंद आहे का ते बघते. स्वयंपाकाचं शोभाताई बघतात. त्या हिवरमाळच्या. रोज सकाळी बसने येतात, आमच्या सोसायटीतल्या चार घरच्या पोळ्या करतात आणि दुपारी परत जातात.

बुधवारी, सहा वर्षांत पहिल्यांदा, शोभाताईंची पोळी करपली. मी नुसतं पोळीकडे बघितलं. कोथरूडात तेवढं पुरतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची सून ज्योती बी.कॉम. झालेली, पदरात दहा महिन्यांची मुलगी, नवरा टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागत होती. परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासायची, तीही घरी बसून. परीक्षा झाली, मुलाखत झाली, पगार शोभाताई चार घरांतून मिळवतात त्याच्या दुप्पट. अट एकच होती. घरात वायरचं इंटरनेट पाहिजे, मोबाइलचं चालणार नाही, आणि त्याचा वेग मोजून शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत फोटो पाठवायचा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. वाडीत वायरचं इंटरनेट नव्हतं, कंपनीची केबल मात्र शोभाताईंच्या अंगणातूनच पुढे जात होती. ज्योतीने आठ महिन्यांत चार अर्ज केले होते.

"काका, तुमी टेलिफोनात होता ना," शोभाताई म्हणाल्या. "आमच्या घरात येक तार द्या की."

निवृत्त माणसाला खात्यात चहासुद्धा कुणी विचारत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पण निवृत्त माणसाला कुणी काही मागितलं की तो हुरळतो, हेही खरं आहे. येऊन बघतो म्हणालो. संध्याकाळी हे सौ.च्या कानावर घातलं. ती म्हणाली, "अहो, सुनेला नोकरी लागली तर शोभा येईल का आपल्याकडे?" मी म्हटलं, विषय इंटरनेटचा चालला आहे, उगाच फाटे फोडू नकोस.

गुरुवारी सकाळी निघालो. पहिला मुक्काम कर्वेनगर, घरापासून चालत वीस मिनिटं. इथे येणाऱ्यांनी मिसळ खावी, ऐंशी रुपये. रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर मिळतो, फक्त आणून देणाऱ्याचा चेहरा बघायचा नाही. ब्रॉडबँड कंपनीचं ऑफिस समोरच्याच इमारतीत होतं. आत कडाक्याचा एसी. टोकन घेतलं. काउंटरवरचा इंजिनिअर तरुण आणि अतिशय नम्र होता, त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही. त्याने हिवरमाळचं ठिकाण टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही, असं त्यावर लाल अक्षरांत आलं होतं.

मी म्हटलं, अहो, तुमचीच केबल त्यांच्या अंगणातून जाते, खांब त्यांच्या जागेत आहे.

"जाते ना काका," तो म्हणाला. "पण तिथे थांबत नाही."

मग त्याने मला कागदावर चित्र काढून दाखवलं. केबल खालच्या एक्सचेंजमधून निघते आणि थेट टेकडीवरच्या मोठ्या स्कीमला जाते. मधे कुठेही जोड नाही. जोड नाही म्हणजे जोडपेटी नाही, आणि पेटी नाही म्हणजे घरात लाइन देता येत नाही. मधे मुद्दाम पेटी टाकायची तर वरून मंजुरी लागते, आणि बत्तीस घरांसाठी ती कोणी देत नाही. मी विचारलं, मग वाटेत पेटी येते तरी केव्हा? तो म्हणाला, केबल तुटली की जोडावी लागते, जोड आला की पेटी येते. आमच्या वेळी तांब्याचंही थोडंफार असंच होतं. मी त्याचे आभार मानले. चित्राचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्या वेळी माझ्या मनात काहीही नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

कर्वेनगरहून वारजं, तिथून दुसरी बस. दिवसाचा पास काढा, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरची बोलणी वाचतात. हिवरमाळला बस तासाला एक आहे असं पाटीवर लिहिलंय. ती कुठल्या तासाला, ते लिहिलेलं नाही. मी दीड तास थांबलो. रस्ता मात्र छान आहे. डावीकडे ज्वारी, उजवीकडे फ्लॅटच्या जाहिराती, आणि जाहिरातींमध्येही मागे ज्वारीच दाखवलेली असते.

वाडीत शिरलं की केबल दिसतेच. काळी, करंगळीएवढी जाड, आत पोलादी तारेचा कणा असलेली. खांबाखांबावरून शोभाताईंच्या अंगणात येते, तिथे जमीन चढाची असल्यामुळे हाताला लागेल इतकी खाली उतरते आणि पुन्हा टेकडीकडे चढते. टेकडीवर ती स्कीम. चार टॉवर, नाव इंग्रजीत. वाडीत तिला नुसतं 'वरची' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी खांब रोवायला माणसं आली तेव्हा शोभाताईंच्या मालकांनी, विठ्ठलरावांनी, अंगणातली जागा दिली. कंत्राटदाराच्या माणसाने पेढ्यांचा पुडा दिला आणि तुम्हालाही लाइन देऊ म्हणून सांगितलं. पेढे संपले. विठ्ठलराव कमी बोलणारे गृहस्थ आहेत. मला खांब दाखवून त्यांनी एवढंच सांगितलं, की त्याच्या बुडाशी पूर्वी लिंबाचं झाड होतं.

मोबाइलला वाडीत रेंज नाही. फक्त पाण्याच्या टाकीपाशी, दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की एक कांडी येते. ज्योतीने सगळी परीक्षा तिथेच दिली होती, ओट्यावर बसून, मुलगी मांडीवर. टाकीभोवती संध्याकाळी कॉलेजची पोरं-पोरी ओळीने बसतात. कोणी एकमेकांशी बोलत नाही, कारण बोललं की व्हिडिओ अडकतो अशी तिथे समजूत आहे. मी चौतीस वर्षांच्या अनुभवावरून ती चूक असल्याचं सांगितलं. मला दोन मुलींनी गप्प बसायला सांगितलं.

रात्री शोभाताईंकडेच मुक्काम केला आणि शुक्रवारी ज्योतीबरोबर खराडीला गेलो. कंपनीचा लॅपटॉप आणायचा होता आणि एकदा तोंडी विनंती करून बघू असं तिच्या मनात होतं. बाळासाठी आणि शनिवारच्या नवरात्राच्या धुण्यासाठी शोभाताईंनी दोन दिवस रजा घेतली, त्यामुळे त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार घरांचा आक्रोश चालू होता. आम्ही पावणेसातच्या बसने निघालो आणि दहा वाजता खराडीला उतरलो. तीन बस, सव्वातीन तास, शहर न सोडता. मी एवढ्या वेळात महाबळेश्वरला पोचून चहा प्यालेला माणूस आहे.

खराडी बघण्यासारखं आहे. सगळीकडे काच. प्रत्येक इमारतीबाहेर एक हिरवळ असते आणि तिच्यावर चालायचं नसतं. खाली खाण्याची दालनं आहेत, साधा डोसा एकशेचाळीस रुपये, चटणी एकदाच. लॉबीत पाहुण्यांसाठी वायफाय फुकट होतं. ज्योतीने फोन जोडला, पर्समधून एक वहीचा कागद काढला आणि सोफ्यावर बसून भराभर कामाला लागली. मला वाटलं मुलाखतीची तयारी असेल. बघितलं तर ती वाडीची यादी होती. पूर्वी तालुक्याला जाणाऱ्याला लोक काडेपेटी, गोडेतेल, बी-बियाणं आणायला सांगत, तशी वाडी आता शहरात जाणाऱ्याकडे डाउनलोड सांगते. दोन सातबारे, एकीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, एका आजोबांचा हयातीचा दाखला, नववीच्या गणिताचे सहा व्हिडिओ, कुणाच्या तरी लग्नाचा पूर्ण अल्बम. ज्योतीने एकेक उतरवून घेतलं आणि खूण केली. शेवटी तिने स्वतःच्या मुलीचं लशींचं वेळापत्रक उतरवलं. ते यादीत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या मॅडम चांगल्या होत्या. पंचविशीच्या, मराठीच, मधे मधे इंग्रजी. ज्योतीने विचारलं, लाइन येईपर्यंत महिनाभर मी इथे येऊन बसू का, रोज सहा तास प्रवास करीन. मॅडम म्हणाल्या, बसायला जागाच नाही, एक मजला कंपनीने सोडून दिला, सगळे घरूनच करतात. मुदत वाढवून मागितली तर म्हणाल्या, माझ्या हातात असतं तर दिली असती, पण यादीत पुढची मुलगी तयार आहे आणि तिच्याकडे लाइन आहे. लॅपटॉप मात्र दिला. शनिवारी पाचपर्यंत फोटो नाही आला तर सोमवारी परत आणून द्यायचा.

परतीच्या बसमध्ये ज्योती लॅपटॉपची बॅग बाळासारखी धरून बसली होती. स्वारगेट आलं. मग म्हणाली, "काका, पुढची मुलगी कोथरूडची आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे माझ्या. मला तिचा राग येत नाहीये, एवढंच." मला मात्र आला. कुणाचा ते नीट सांगता आलं नाही, पण माझ्या घरच्या तिसऱ्या वायफायची आठवण झाली आणि चेहरा खिडकीकडे वळवून बसलो.

शनिवारी सकाळी सहा वाजता कुणीतरी माझ्या अंगावरची गोधडी ओढली. घट बसायला तीन दिवस होते. आमच्याकडे नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढायची पद्धत आहे, शहरात ते लाँड्रीला जातं, वाडीत बोअरवर. अकरा गोधड्या होत्या. जुनी लुगडी, धोतरं, शर्ट, एकावर एक शिवून शिवून गादीएवढ्या जाड झालेल्या. शोभाताई आणि ज्योती त्या पायांनी तुडवून धूत होत्या. ज्योती सगळा जोर लावून तुडवत होती. मी आणि विठ्ठलराव दोन टोकांना धरून पिळत होतो. ओली गोधडी काय वजनाची असते, ते ज्याने पिळली आहे त्यालाच ठाऊक. माझी कंबर अजून साक्ष देते आहे.

दोरीवर पाच बसल्या. सहावी शोभाताईंनी उचलली आणि सवयीने केबलवर टाकली. तीन वर्षं त्या तिथेच टाकत आल्या आहेत. नेमकी हाताच्या उंचीवर, दिवसभर ऊन, गंज लागत नाही. सगळी वाडी आपापल्या अंगणात तसंच करते.

"करंट नसतो ना वो काका तिच्यात?"

"नसतो," मी म्हणालो.

ते खरंच होतं. त्यात नुसता उजेड असतो. पण आठवी गोधडी पडली तेव्हा मी वर बघितलं. खांबावरचा, केबल धरून ठेवणारा चिमटा एका बाजूला कलला होता आणि केबल तिथे मोडल्यासारखी वाकली होती. तांब्याला असं वाकवलेलं चालतं. काचेच्या धाग्याला चालत नाही. मला हे कळतं. त्या अंगणात हे कळणारा मी एकटा होतो.

आता कबुली. नियमाप्रमाणे मी ओरडायला हवं होतं. चौतीस वर्षं मी लोकांना तारांवर कपडे, पतंग आणि केळीचे घड लटकवल्याबद्दल झापत आलो आहे. मी खिशात हात घातला. कर्वेनगरचा तो चित्राचा कागद अजून तिथेच होता. मग मी खाली वाकलो आणि माझीच गोधडी उचलली. सगळ्यांत जाड तीच होती, पाहुण्याची म्हणून. ती नीट झटकली, चुण्या काढल्या आणि चिमट्याच्या अगदी जवळ टाकली.  भीती वाटली, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

काही झालं नाही. मग दहावी शोभाताईंनी टाकली. टक् असा बारीक आवाज झाला, चिमटा सुटला आणि केबल पाच गोधड्यांसकट खाली आली. शोभाताई म्हणाल्या, अगं बाई, पुन्हा धुवाव्या लागणार.

तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. साडेअकराला वरच्या स्कीममधून माणसं खाली उतरायला लागली. अर्ध्या चड्डीतले, कानात यंत्र, हातात लॅपटॉप उघडा धरलेला. रेंज शोधत शोधत ती टाकीपाशी आली. त्या दिवशी पहिल्यांदा वाडी आणि वरची एका ओळीत दक्षिणेकडे तोंड करून बसली होती. एका गृहस्थांची अमेरिकेतल्या साहेबाबरोबर मीटिंग होती, ते मोठ्याने बोलू लागले. त्यांना त्याच दोन मुलींनी गप्प बसायला सांगितलं.

अकरा पस्तीसला कंपनीची गाडी आली. चाळीस मिनिटं. ज्योती ओसरीवर उभी राहून त्या गाडीकडे बघत होती. चार अर्ज, आठ महिने, आणि कंपनीची गाडी तिने पहिल्यांदाच बघितली. गाडीतून योगेश नावाचा जोडारी आणि त्याचा मदतनीस उतरले. योगेशने अंगणातल्या ढिगाकडे बघितलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं.

"गोधड्या," विठ्ठलराव म्हणाले.

गाडीत टपावर अँटेना लावलेला कंपनीचा फोन होता, त्यावरून योगेशने साहेबाला फोन लावला. त्याचा साहेब ओरडत होता ते आम्हाला फोन न धरताही ऐकू येत होतं. वरून चारशे घरांच्या तक्रारी आल्या होत्या. योगेश शिडी घेऊन खांबाकडे निघाला. तेवढ्यात विठ्ठलरावांनी आतून बाज आणली, खांबाच्या बुडाशी टाकली आणि तिच्यावर बसले. मी त्यांच्याकडून जास्तीत जास्त चार शब्दांची अपेक्षा करत होतो.

"खांब माझ्या जागेत हाय," ते म्हणाले. "रोवताना तुमचा माणूस बोलला, तुमास्नीबी लाइन देऊ. तीन वर्सं मी काय बोललो न्हाई. आज माझ्या सुनंची नोकरी पाचला जातीय. वरच्यांची जोडा, माझी ना न्हाई. पर शिडी लावायच्या आधी सायबाला इचार, आमची जोडणार का."

योगेशने फोन स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाला, ऑफिसला अर्ज करा. मी म्हणालो, चार अर्ज आहेत, क्रमांक सांगू का. साहेबाने विचारलं, आपण कोण? मी माझा निवृत्तीच्या वेळचा हुद्दा सांगितला, जरा सावकाश. त्यावर योगेश हळूच म्हणाला, "सर, केबल इथंच मोडलीये. जोड इथंच येणार, पेटी लावायलाच लागणारे. आठ घरांचा स्प्लिटर गाडीत आहे."  मग पलीकडेच दुसरा फोन वाजल्याचा आवाज आला, आणि साहेब म्हणाला, लाव, पण आधी वरची.

आधी वरची. त्याला दोन वाजून वीस मिनिटं झाली. योगेश जोड करत असताना मी शेजारी उभा राहून बघत होतो. केसाएवढा धागा, दोन टोकं यंत्रात धरायची, एक ठिणगी, झालं. माझं अख्खं आयुष्य ज्या कामात गेलं ते आता पंधरा सेकंदांत होतं. त्याने मला विचारलं, काका, एवढी जाड केबल गोधड्यांनी कशी मोडली? मी म्हणालो, ओली गोधडी जड असते. तो चिमट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि कामाला लागला.

सव्वाचारला ज्योतीच्या भिंतीवर पांढरी डबी बसली. हिरवे दिवे लागले. आता फक्त नाव नोंदवायचं होतं, आणि त्यासाठी ज्योतीच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येणार होता. मोबाइलला घरात रेंज नव्हती. इंटरनेट मिळवायला आधी टाकीपाशी जावं लागणार होतं. योगेश म्हणाला, दहा मिनिटांत टाकला नाही तर रद्द होतो.

शोभाताईंनी फोन घेतला, पदर खोचला आणि पळाल्या. पन्नाशीची बाई इतक्या वेगाने पळताना मी बघितली नव्हती. त्या टाकीवर, मधल्या वळणावर विठ्ठलराव, दारात मी आणि आत ज्योती. पहिला ओटीपी रद्द झाला, कारण टाकीपाशी गर्दी होती आणि शोभाताईंना दक्षिणेकडची जागाच मिळेना. मग वरच्या स्कीममधले ते मीटिंगवाले गृहस्थ उठले आणि त्यांनी आपली जागा दिली. दुसऱ्यांदा आकडे आले. शोभाताईंनी एकेक आकडा म्हटला, विठ्ठलरावांनी तो पुढे म्हटला, मी आत सांगितला. मी चौतीस वर्षांत इतका साधा टेलिफोन वापरला नव्हता.

चार सत्तेचाळीसला वेग मोजला. चक्रातला काटा शंभरावर गेला. ज्योतीने फोटो काढला, पाठवला आणि बाळाला उचलून भिंतीकडे तोंड करून रडली. शोभाताई धापा टाकत आल्या, काय झालं ते कळलं तशा त्याही रडल्या. माझेही डोळे भरून आले होते, पण मी बाहेर जाऊन गोधड्या गोळा केल्या. पाचला मॅडमचं उत्तर आलं. सोमवारी नऊला हजर, घरूनच.

इथे पोस्ट संपवायला मला आवडलं असतं. पण स्प्लिटरला आठ जागा असतात. एक ज्योतीची झाली, सात उरल्या, आणि घरं उरली एकतीस. रविवारी सकाळी देवळापुढे बैठक बसली. आधी दहावी-बारावीच्या मुलांची घरं, मग ज्याचं किराणा दुकान आहे तो, मग ज्याच्या मळ्यातली भाजी थेट सोसायट्यांत जाते तो. टाकीवरच्या दोन मुलींपैकी एकीच्या घरी आली, दुसरीच्या नाही. दोघी बैठकीच्या दोन टोकांना उभ्या होत्या. दुसरीच्या आईने विठ्ठलरावांना विचारलं, आमच्या अंगणात पण खांब हाय, आमी काय धुवावं म्हंजे मिळंल?  मी दुपारची बस धरली.

सोमवारी शोभाताई आल्या नाहीत. साडेनऊला व्हिडिओ कॉल आला, त्यांचा पहिलाच. चित्र स्वच्छ होतं. त्या म्हणाल्या, काका, ज्योतीचं काम नऊ ते सहा, बाळाला कोण बघणार, मी काम सोडते, रागावू नका. मी म्हणालो, रागवायचं काय, आनंदच आहे. फोन ठेवला आणि रिकाम्या ओट्याकडे बघत बसलो. वाडीचा आर्थिक विकास झाला होता आणि माझ्या घरी पोळी नव्हती. आमच्या सौ.ने हे ऐकलं तेव्हा ती नुसती स्क्रीनमधून बघत राहिली. तेवढं पुरलं.

हिवरमाळला जायचंच असेल तर नवरात्राच्या आधी जा, ज्वारी चांगली असते. टाकीपाशी शांतता पाळा. काय मिळवलं म्हणाल तर एका घराला लाइन, सात घरांना लाइन आणि चोवीस घरांना आमच्याकडे का नाही हा प्रश्न. तो आधीही होता, पण तेव्हा तो बत्तीस जणांचा मिळून होता. यावर माझ्याकडे इलाज नाही. मी त्या चोवीस घरांसाठी एक अर्ज लिहिला आहे, कर्वेनगरला दिला आहे, आणि पोच घेतली आहे. दर गुरुवारी जाऊन विचारतो. आता काउंटरवरचा इंजिनिअर मला बघितलं की टोकन न घेता बोलावतो आणि स्क्रीन वळवतो.

संध्याकाळी साडेसहाला, ज्योतीचं काम संपलं की, शोभाताई मला व्हिडिओवर पोळ्या शिकवतात. कणीक सैल आहे, तवा तापला नाही, असं त्या पंधरा किलोमीटरवरून सांगतात. काल त्या अंगणात बसून बोलत होत्या. मागे बाळाची दुपटी वाळत होती, नव्या निळ्या नायलॉनच्या दोरीवर. वर वीतभर अंतरावरून केबल जात होती, तिच्यावर काहीच नव्हतं. शेजारच्या अंगणातही नव्हतं. मी विचारलं, शोभाताई, केबलवर नाही टाकलं वाटतं आज?

त्यांनी मान वळवून वर बघितलं, मग माझ्याकडे.

"तिला आता कुणी हात लावत न्हाई काका," त्या म्हणाल्या. "आपली हाय ती. आन तुमची पोळी करपतीय."